मॉडेल विमानाच्या इंजिनवर जळून बसलेलं एरंडेल कसं काढायचं, नवीन लोकांसाठी

जुनं ग्लो इंजिन, म्हणजे मॉडेल विमानाचं मिथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन, हातात आलं की बहुतेक नवीन पोरं दोनपैकी एक करतात. एक तर पंखा फिरत नाही म्हणजे इंजिन जाम झालं, कामातून गेलं म्हणून भंगारात टाकायला निघतात, नाहीतर तालुक्याच्या गॅरेजवर घेऊन जातात आणि तिथं कोणी ना कोणी म्हणतोच, "आण इकडे भाऊ, कॉस्टिकमधी टाकतो, पाच मिनिटात चकाचक." दोन्ही करू नका. त्या इंजिनवर जो काळा-तपकिरी थर दिसतो ना, तो जंग नाही आणि कार्बनपण फारसा नाही, ते जळून घट्ट झालेलं एरंडेल तेल आहे, आणि ते काढायची पद्धत साधी आहे, फक्त एक-दोन दिवस जातात आणि घाई चालत नाही. जाम म्हणून स्वस्तात दिलेली कितीतरी इंजिनं आतून धडधाकट असतात, पिस्टन आणि स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) एकदम नवीनसारखे, फक्त तेल गोठून सगळं चिकटलेलं असतं. आपल्याकडे वर्धा-यवतमाळच्या गावात बसून नवीन इंजिन मागवायचं म्हणजे पैसाही जातो आणि वाट पाहण्यात महिनेही जातात, म्हणून जुनं वाचवता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि ते वाचतं.

हा थर येतो कुठून

ग्लो इंजिनचं फ्युएल म्हणजे मुख्य मिथेनॉल, त्यात साधारण १८ ते २२ टक्के तेल आणि गरजेप्रमाणे थोडं नायट्रोमिथेन. स्पर्धेवाले साधं फ्युएल वापरतात त्यात तर ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल, बस. म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपात आपण जेवढं तेल टाकतो त्याच्या कितीतरी पट तेल इथं असतं आणि त्यातलं बरंचसं न जळता सायलेन्सरमधून बाहेर येतं, म्हणूनच उडवून आल्यावर विमान तेलकट होते. आता एरंडेलच का, तर हे तेल खूप तापलं तरी धातूला सोडत नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनं याच तेलावर चालायची. सिंथेटिक तेल अति गरम झालं की धातूवरून निघून जातं, एरंडेल मात्र तिथंच चिकटून राहतं आणि इंजिन वाचवतं. पण त्याच गुणाची दुसरी बाजू अशी की सतत ताप आणि हवा मिळाली की ते तेल घट्ट होत जातं, आधी चिकट, मग मधासारखं पिवळं, मग तपकिरी आणि शेवटी काळं कडक रोगण. घरच्या कढईच्या बाहेरून वर्षानुवर्षं तेलाचा जो थर बसतो, नखानं निघत नाही, तेच हे.

थर सगळ्यात जास्त कुठं बसतो तर एक्झॉस्टच्या बाजूला, सायलेन्सरवर, हेडच्या फिन्समधे (थंडाव्यासाठी असलेल्या पातळ पट्ट्यांमधे), आणि आत पिस्टनच्या डोक्यावर. कार्ब्युरेटरची फ्युएल कमी-जास्त करायची सुई जास्त आवळून इंजिन लीन, म्हणजे कमी फ्युएलवर, चालवलं तर अजूनच लवकर बसतो. आणि आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते, काळी माती. सोयाबीन निघाल्यावर रिकाम्या वावरात उडवतो आपण, तिथली बारीक धूळ ओल्या तेलावर बसते आणि पुढच्या फ्लाइटला तेलासोबत भाजून निघते.

आता पहिला प्रश्न प्रत्येकाला पडतो की रॉकेल नाहीतर डिझेलमधे बुडवून ठेवलं तर? ठेवा, काही बिघडणार नाही, पण निघणारही नाही. एरंडेल हे अल्कोहोलमधे विरघळतं, पेट्रोल-डिझेल-रॉकेलमधे नीट विरघळत नाही, बाकीच्या तेलांपेक्षा ते वेगळं आहे. ताजं एरंडेल मिथेनॉल किंवा स्पिरिटच्या फडक्यानं लगेच पुसल्या जातं. पण एकदा भाजून कडक झालं की मग स्पिरिटपण वरवरच काम करतं. तिथं लागतो कूलंट, म्हणजे ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधे टाकतो तोच, आणि सोबत मंद ताप.

काय वापरायचं नाही, हे आधी वाचा

कॉस्टिक सोडा बिलकूल नाही. इंजिनचा क्रँककेस (मुख्य कवच), हेड, सायलेन्सर हे ॲल्युमिनियमचे आहेत आणि कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो, फेस येतो, हायड्रोजन निघतो, आणि पाच मिनिटात जे चकाचक दिसते ते खरं म्हणजे धातूच झिजलेला असतो. मापं गेली की बेअरिंग ढिलं होते, स्क्रूचे आटे जातात. नाली साफ करायची पावडर, ओव्हन क्लीनर, यात बहुतेक कॉस्टिकच असतं. धुण्याचा सोडापण नको, गरम पाण्यात तोही ॲल्युमिनियम काळं करतो. संडास साफ करायचं ॲसिड नको. चुलीतली राख नको, ती घासते पण आणि तिच्यात खार पण असतो.

स्टीलची घासणी, पॉलिश पेपर, पेचकस, ब्लेड यातलं काहीही पिस्टन, स्लीव्ह आणि क्रँकशाफ्टला लावायचं नाही. आजकालच्या बऱ्याच इंजिनमधे ॲल्युमिनियमचा पिस्टन असतो आणि आतून क्रोम चढवलेला पितळी स्लीव्ह असतो, त्याला एबीसी म्हणतात, त्यात रिंगच नसते. स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळता असतो, थंड इंजिनात पिस्टन वर जाताना आवळतो आणि तापल्यावर बरोबर फिट बसतो. इतक्या बारीक मापावर जिथं काम चालतं तिथं एक ओरखडा म्हणजे कॉम्प्रेशन गेलं, आणि ते परत येत नाही.

आणि प्रेशर कुकर. कोणाच्याही डोक्यात येऊ शकतं की कुकरमधे टाकलं तर लवकर होईल. कूलंट कुकरमधे कधीच नाही, झाकण घट्ट बसणाऱ्या कोणत्याच भांड्यात नाही.

सामान

फार काही लागत नाही. एक लिटर कूलंट, ट्रॅक्टर स्पेअर पार्टच्या दुकानात हिरवा किंवा गुलाबी मिळतो, डब्यावर इथिलीन ग्लायकॉल लिहिलेलं पाहा. पाणी न मिसळलेला कॉन्सन्ट्रेट मिळाला तर तो घ्या, माझ्या मते तो लवकर काम करतो, पण तयार मिसळलेलापण चालतो. रेडिएटरमधून काढलेला जुना कूलंट नको, त्यात जंग आणि गाळ असतो. मग एक स्टीलचा डबा ज्यात इंजिनचे पार्ट बुडतील, आणि तो डबा ज्यात बसेल असा एक मोठा गंज, म्हणजे पातेलं. ही दोन्ही भांडी आता कायमची या कामाची, त्यांच्यावर लाल पेंटनं खूण करा आणि स्वयंपाकघरात परत नेऊ नका, कितीही घासली तरी नाही. इलेक्ट्रिक कॉइलची शेगडी, सांडशी, रबरी हातमोजे, डोळ्याला चष्मा, दोन जुने टूथब्रश, भांडी घासायचं लिक्विड, थोडं सर्जिकल स्पिरिट किंवा मोबाइल रिपेअरिंगवाल्याकडे असते ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), शिलाई मशीनचं तेल. एलन की, म्हणजे षटकोनी टोकाच्या वाकड्या किल्ल्या, त्यांचा सेट चांगला घ्या, स्वस्त की गोल होते आणि मग स्क्रूचं डोकंही खराब करते. जपानी आणि तैवानी इंजिनला एमएम वाली की लागते, जुन्या अमेरिकन इंजिनला इंचाची. आणि खरवडायला तुराटीची काडी. बांबूची कमची पण चालते, पण तुराटी नरम असते, धातूला काही करत नाही, टोक झिजलं की मोडून नवीन करायचं, वावरात तिचा ढीग पडलेला असतो.

कूलंटबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. हे विष आहे, आणि चवीला गोड असतं, म्हणूनच जास्त धोक्याचं. कुत्रं चाटते, मांजर चाटते, लहान पोरगं बोट बुडवून तोंडात घालते, आणि थोडंसं पोटात गेलं तरी किडनी बसते. आपल्या घरी अंगणात ढोरं-वासरं असतात, कोंबड्या असतात. सांडलं तर लगेच माती टाकून ती माती उचलून घ्या आणि जागा भरपूर पाण्यानं धुवा. कोणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी घरचे उपाय करत बसू नका, तब्येत ठीक दिसते म्हणून थांबू नका, सरळ दवाखाना, आणि सोबत कूलंटचा डबा न्या म्हणजे डॉक्टरला काय आहे ते कळेल. त्रास काही तासानंतर वाढतो म्हणून माणूस फसतो.

जाम इंजिन आधी जबरदस्तीनं फिरवू नका

पंखा धरून ताकद लावायची सवय असते आपल्याला. इथं ती ताकद जाते कनेक्टिंग रॉडवर, आणि तो रॉड काडीएवढा असतो, वाकला की संपलं. एक्झॉस्टच्या खिडकीतून पेचकस घालून पिस्टन ढकलणं हे तर अजूनच वाईट, खिडकीची कड तुटते.

आधी उजेडात एक्झॉस्टमधून आत पाहा. माती किंवा वाळू दिसत असेल, म्हणजे इंजिन कधी जमिनीत घुसलेलं असेल, तर ते फिरवायचंच नाही, खोलून धुवायचं, कारण आतले मातीचे कण फिरले की स्लीव्हवर रेघा पडतात. माती नसेल तर प्लगच्या भोकातून आणि एक्झॉस्टमधून थोडं मिथेनॉल किंवा स्पिरिट आणि शिलाई मशीनचं तेल सोडा, कार्ब्युरेटरमधूनपण सोडा, आणि रात्रभर ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी ते स्पिरिट पूर्ण उडालं आहे याची खात्री करा, बाहेर हवेत ठेवा, आणि मगच हीट गननं क्रँककेस आणि सिलिंडर सगळ्या बाजूनं सारखं तापवा. मिथेनॉल पेटलं तर त्याची ज्वाळा दिवसाउजेडी दिसतच नाही, म्हणून यात चालढकल नको. हीट गन नसेल तर केस वाळवायचा ड्रायरपण चालतो, वेळ जास्त लागतो. इंजिन हाताला चटका बसेल इतकं तापलं की आतलं गोठलेलं तेल नरम होते, मग फडक्यानं पंखा धरून हळूच पुढे-मागे करा. पुढे-मागे, गोल नाही. थोडंसं हललं की तेल सोडा, परत तापवा, परत हलवा. बहुतेक वेळा असं करता करता ते सुटतं आणि सुटल्यावर हाताला एकदम कळतं. नाहीच सुटलं तर अख्खं इंजिन तसंच, प्लॅस्टिक-रबर काढून, कूलंटमधे टाकायचं, तिथं सुटेल.

एबीसी इंजिन थंड असताना वरच्या टोकाला घट्ट लागणारच, टक् करून अडकल्यासारखं वाटणारच. तो बिघाड नाही, तसंच असतं ते, चांगल्या फिटिंगची खूण आहे.

खोलताना

खाली पांढरं कापड अंथरा, आणि प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्या. हे फोटो शेवटी जेवढे कामाला येतात तेवढं दुसरं काहीच येत नाही. कार्ब्युरेटरची सुई काढायच्या आधी ती पूर्ण बंद होईपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा. मग कार्ब, प्लग, सायलेन्सर, मागची प्लेट, हेड या क्रमानं. हेडचे स्क्रू एकमेकांच्या समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करा, एकच पूर्ण काढून मोकळे होऊ नका, हेड वाकू शकते. स्क्रू हलत नसेल तर परत हीट गन, तिथंपण एरंडेलच चिकटलेलं असते. हेडखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, कधी एक कधी दोन, त्या जपा, तेवढ्याच परत बसवायच्या आहेत.

स्लीव्हवर खाच किंवा पिन असते, ती कोणत्या बाजूला आहे ते पाहा. पिस्टनची पुढची बाजू मार्करनं खूण करून ठेवा, रॉडचीपण, कारण रॉडचं तेलाचं भोक आणि कड यांना दिशा असते. स्लीव्ह निघत नसेल तर क्रँककेस गरम करा, ॲल्युमिनियम पितळापेक्षा आणि स्टीलपेक्षा जास्त पसरतं, गरम केसमधून स्लीव्ह लाकडी काडीनं खालून वर ढकलता येतो. रिंगवालं इंजिन असेल तर रिंग पिस्टनवरून काढायचीच नाही, ती ओतीव लोखंडाची असते, थोडी जास्त ताणली की तुटते. रिंग पिस्टनवर ठेवूनच सगळी सफाई करायची.

जुनं डिझेल मॉडेल इंजिन असेल, कलकत्त्याची ऑरोरा अजूनही कोणाकोणाकडे सापडते, एनसीसी एअर विंगमधे एरोमॉडेलिंग केलेल्या जुन्या लोकांकडे विचारून पाहा, तर त्यात वरच्या कॉन्ट्रा पिस्टनला (कॉम्प्रेशन कमी-जास्त करायचा वरचा दुसरा पिस्टन) हात लावू नका. आणि त्याच्या फ्युएलमधे ईथर असतं, ते पूर्ण उडाल्याशिवाय ताप द्यायचा नाही.

कूलंटमधे शिजवणं

हे काम अंगणात किंवा पडवीत करायचं, मोकळ्या हवेत, घरात नाही. चूल नको, गॅस नको, उघडा जाळ कोणताच नको, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल जास्त तापलं की त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात. म्हणूनच मी डब्यात डबा ही पद्धत सांगतो. मोठ्या गंजात पाणी, तळाशी एक जुनं फडकं घडी करून, त्यावर कूलंटचा स्टीलचा डबा. बाहेर पाणी आहे तोपर्यंत आतला कूलंट १०० अंशाच्या वर जाऊच शकत नाही, थर्मामीटर लागत नाही, लक्ष फक्त पाण्यावर ठेवायचं, कमी झालं की गरम पाणी घालायचं. परदेशात लोक याच कामासाठी हळू शिजवायचा इलेक्ट्रिक कुकर वापरतात, तापमान जवळपास तेवढंच असते.

केस, हेड, मागची प्लेट, सायलेन्सर, स्लीव्ह, पिस्टन, क्रँकशाफ्ट सगळं टाकता येतं. कागदी गॅस्केट, ओ-रिंग (रबरी कडी), प्लॅस्टिक, ग्लो प्लग आणि कार्ब्युरेटर बाहेर. सायलेन्सर खोलता येत असेल तर खोलून टाका, आत सगळ्यात जास्त थर असतो. पार्ट एकमेकांवर आदळू नयेत म्हणून स्लीव्ह आणि पिस्टन वेगळ्या पातळ फडक्यात सैल बांधून सोडा. झाकण वर नुसतं ठेवायचं, दाबायचं नाही.

मग थांबायचं. तीनेक तासानं सांडशीनं एक पार्ट काढून टूथब्रश मारून पाहा, कोपऱ्यातला पिवळा थर सुटायला लागलेला दिसेल, काळा अजून घट्ट असेल. साधारण सहा-आठ तास धरून चाला, जुनाट असेल तर दुसऱ्या दिवशी परत. मधात लाइन गेली तरी काही नुकसान नाही, पार्ट कूलंटमधेच राहू द्या, लाइन आली की परत सुरू करा, फक्त लाइन रात्री दोनला येईल आणि शेगडी आपोआप चालू होईल आणि गंजातलं पाणी संपून जाईल असं होऊ देऊ नका, लाइन गेली की बटन बंद करूनच झोपा. आणि जागेवर कोणी नसेल तर डबा उघड्यावर ठेवू नका, कोठ्याच्या दाराला कडी लावून आत ठेवा, पण त्या कोठ्यात ढोर नको.

कूलंट चहासारखा लाल-तपकिरी झाला म्हणजे काम होत आहे.

धुणं आणि घासणं

पार्ट कोमट असतानाच काढा, थंड झाले की उरलेला थर परत घट्ट होतो. गरम पाणी, भांड्याचं लिक्विड, टूथब्रश. जळलेलं एरंडेल आता चिकट चोथ्यासारखं झालेलं असते, ब्रशनं सरकन निघतं, काही ठिकाणी तर पापुद्रेच निघतात, आणि खाली मूळ धातू जसाच्या तसा दिसतो, हे पाहायला फार बरं वाटतं. फिन्सच्या मधात तुराटीची काडी घाला. पिस्टनच्या डोक्यावर काडीनंच, गोल गोल फिरवत, जोर न देता. क्रँककेसच्या बाहेरून हट्टी डाग असेल तर नरम पितळी ब्रश चालतो, पण आतून नाही आणि पिस्टन-स्लीव्हला नाही. जे निघालं नाही ते परत कूलंटमधे टाका, जोर वाढवू नका, वेळ वाढवा.

पिस्टनवर किंवा स्लीव्हवर हलका सोनेरी रंग राहिला तर राहू द्या. तो काढून काही मिळत नाही, आणि घासत बसलं तर फिटिंग जाते. इंजिन आरशासारखं चमकलं पाहिजे असा हट्ट धरू नका, कॉम्प्रेशन महत्त्वाचं.

लोखंडी पार्ट म्हणजे क्रँकशाफ्ट, बेअरिंग, पिस्टन पिन, स्क्रू, हे धुतल्याबरोबर पुसून स्पिरिटमधे बुडवून काढा म्हणजे पाणी निघून जाईल, आणि लगेच मशीनचं तेल. पावसाळ्यात तर यात पाच मिनिटंही उशीर नको, धुतलेल्या लोखंडावर डोळ्यादेखत लाल जंग येते.

वापरलेला कूलंट फेकायचा नाही. जुन्या बनियनच्या कापडातून गाळा, घट्ट झाकणाच्या कॅनमधे भरा, वर मोठ्या अक्षरात विष लिहा, आणि कुलपात ठेवा. तोच पुढच्या कितीतरी इंजिनला चालतो. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका, कोणी तहानेला पिऊन टाकेल. अगदीच खराब झाला तर जे गॅरेज जुनं ऑइल-कूलंट गोळा करून पुढे देतं त्यांना द्या, नालीत किंवा वावराच्या धुऱ्यावर ओतू नका, गोड वासानं जनावर तिथं तोंड घालतंच. पहिलं धुतलेलं पाणीपण जनावराच्या टाक्यापासून लांब, खड्डा करून त्यात टाका आणि माती ओढा.

बेअरिंग

मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे इंजिन तसंच ठेवलं की सगळ्यात आधी मागचं बेअरिंग जंगतं. धुऊन वाळवून तेल न टाकता हातानं फिरवून पाहा, खरखर लागली किंवा अडखळलं तर बदला, उगाच वापरू नका, बेअरिंगची एक गोळी निघाली तर पिस्टन-स्लीव्ह दोन्ही घेऊन जाते.

काढायला ठोकाठोक लागत नाही. शाफ्ट काढून रिकामा केस हीट गननं नीट तापवा, पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडाला पाहिजे इतका, जाड हातमोजे घालून तो लाकडाच्या ठोकळ्यावर मागच्या बाजूनं सपाट आपटा, मागचं बेअरिंग आपोआप खाली पडते. पुढचं बेअरिंग आतून बाहेर लाकडी दांडीनं ढकला. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो, तो घेऊन मोटर वायंडिंगवाल्याकडे नाहीतर नागपूर-अमरावतीच्या बेअरिंगच्या दुकानात जा. बसवताना नवीन बेअरिंग थोडा वेळ फ्रीजच्या बर्फाच्या खान्यात ठेवा, केस गरम, बेअरिंग थंड, अलगद बसते.

कार्ब्युरेटर

कार्बला कूलंट नको. ओ-रिंग काढून घ्या, ॲसिटोन आणि कार्ब क्लीनरच्या स्प्रेनं ओ-रिंग फुगते. मग धातूचा भाग स्पिरिट किंवा मिथेनॉलमधे बुडवून ठेवा, जेटच्या भोकात तार घालू नका, बारीक भोक मोठं झालं तर इंजिन कधीच नीट ट्यून होणार नाही. सायकलच्या पंपानं हवा मारा. मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात अल्ट्रासोनिक क्लीनर असतो, त्याला चार पैसे देऊन थोडा वेळ फिरवून घ्या, कार्बसाठी ते फार छान काम करतं. केसवरच्या जाड थराला मात्र नुसतं अल्ट्रासोनिक पुरत नाही, तिथं ताप पाहिजेच.

जोडणं आणि पहिला स्टार्ट

प्रत्येक हलणाऱ्या पार्टला तेल लावून, फोटो पाहत, उलट्या क्रमानं जोडा. रिंगवाल्या पिस्टनमधे खाचेत बारीक पिन असेल तर रिंगची फट त्या पिनवरच आली पाहिजे. हेडचे स्क्रू परत समोरासमोर, थोडे थोडे, कीच्या आखूड टोकानं, फार जोर नाही. पंखा हातानं फिरवून पाहा, कुठं धातू घासल्याचा आवाज आला तर तिथंच थांबा आणि खोला.

सुई नोंद केलेल्या फेऱ्यांपेक्षा अर्धा फेरा जास्त उघडी ठेवा, पहिली टाकी रिच, म्हणजे जास्त फ्युएलवर, चालू द्या, सायलेन्सरमधून भरपूर धूर आला पाहिजे. इंजिन नीट घट्ट बांधलेलं असावं, पंख्याला बोट नाही, काठीनं किंवा स्टार्टरनं चालू करा, आणि चालू झाल्यावर सुई पंख्याच्या मागून फिरवा, पंख्याच्या रेषेत पोरांना उभं राहू देऊ नका. टाकी संपून इंजिन पूर्ण थंड झालं की हेडचे स्क्रू एकदा परत पाहा, एखादा किंचित ढिला झालेला असतोच.

पुढे थर कमी बसावा म्हणून उडवताना सुई सगळ्यात जास्त आवाजाच्या जागेवरून जराशी उघडी ठेवा, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तर अजून जराशी. फ्युएलमधून एरंडेल पूर्ण काढून टाकायचं काहीजण सुचवतात, मी नाही काढत, सिंथेटिकमधे थोडं एरंडेल मिसळलेलं राहू द्या, इंजिन चुकून लीन झालं तर तेच वाचवतं. थर तर काय, कूलंटनं निघतोच. उडवून झाल्यावर गरम असतानाच बाहेरून स्पिरिटच्या फडक्यानं पुसा, ताजं तेल तेव्हाच निघून जाते. दिवसाच्या शेवटी फ्युएलची नळी काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालू द्या म्हणजे आतलं मिथेनॉल जळून जाईल, मग कार्बमधून आणि प्लगच्या भोकातून मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब आणि पंख्याचे काही फेरे हातानं. ठेवताना सायलेन्सरच्या आणि कार्बच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला. कुंभारमाशीला अशी भोकं फार आवडतात, आणि एकदा तिनं आत मातीचं घर केलं की पुन्हा सगळं खोलणं आलं.